कुलूपवाल्याची बॅग

माझं कुलपांचं दुकान आहे. उभा जन्म मी लोकांना सांगत आलो, आमचं कुलूप लावा आणि निर्धास्त झोपा. स्वतः मात्र झोपण्याआधी दार ओढून बघतो, पुन्हा जाऊन ओढतो, आणि बायको "आता कडी उपटून हातात येईल" म्हणाली की मगच आडवा होतो. कुलूप कसं उघडतं हे ज्याला कळलं, त्याचा कुलपावरचा विश्वास कायमचा उडाला असं समजा.

म्हणूनच त्या सकाळी विमानतळावर मी सरळ सामान द्यायच्या रांगेत न जाता बॅगा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून देणाऱ्या स्टॉलकडे वळलो. बॅगेला आकड्यांचं कुलूप होतं. पण असल्या कुलपाला मी कुलूप म्हणत नाही. तो दागिना. मी डोळे मिटून, दुसऱ्या हातात चहाचा कप धरून ते उघडू शकतो, आणि घरी पाहुण्यांसमोर उघडून दाखवलेलंही आहे, पाहुण्यांनी सांगितलं नसताना.

आम्ही लेकीकडे निघालो होतो. तिनं नवीन घर घेतलं होतं, स्वतःच्या पगारावर, एकटीनं. त्या घराच्या दाराला बसवायला मी एक कुलूप नेत होतो. पितळी, अंगठ्याएवढ्या जाड खटक्याचं. दुकानातल्या काचेच्या कपाटात ते वर्षानुवर्षं नुसतं दाखवायला ठेवलेलं. गिऱ्हाईक विचारायचं आणि मी म्हणायचो, "ते विकायचं नाही." मग कशासाठी ठेवलंय, हे माझं मलाही सांगता आलं नसतं. लेकीनं दाराचे फोटो पाठवले तेव्हा उलगडा झाला.

कुलपाबरोबर हत्यारं आली. ड्रिल, पटाशी, कानस, वाकड्या तारांचा जुडगा, कोऱ्या किल्ल्यांचा घोस, टॉर्च, काळे हातमोजे. शिवाय दाराचे फोटो मी मोठे करून कागदावर छापून घेतले होते आणि त्यांच्यावर लाल पेननं मापं आणि खुणा केल्या होत्या. हे सगळं माझ्या शर्टांत आणि पँटींत नीट गुंडाळून बसवलं होतं.

"यात तुमचे कपडे आहेत की दुकान?" बायकोनं बॅग उचलायचा प्रयत्न करून विचारलं होतं.

आता स्टॉलपाशी तिनं दुसरा मुद्दा काढला. तिनं दोन्ही बॅगांच्या मुठींना लाल रिबिनी बांधल्या होत्या, मोठ्या फुलासकट. "माझी बॅग नाही गुंडाळायची. आणि तुमची गुंडाळायचीच असेल तर रिबीन तेवढी बाहेर राहू द्या. उतरल्यावर ओळखायची कशी?"

"बाहेर काही लोंबत ठेवायचं नसतं," मी म्हणालो. "चोराला धरायला तेवढंच पुरतं. आणि माझी बॅग मला ओळखू येणार नाही का?"

"मागच्या वर्षी लग्नातून कोणाची चप्पल घालून आलात?"

"चपलेची गोष्ट वेगळी."

ती तोंड फिरवून आपली बॅग घेऊन पलीकडच्या खुर्चीवर जाऊन बसली. मी रांगेत उभा राहिलो. माझ्या पुढे एक बाई होत्या. साठीच्या आसपास, केस बारीक कापलेले, खांद्याला कापडी पिशवी. त्यांची बॅग माझ्यासारखीच काळी, माझ्याच आकाराची. स्टॉलवाल्यानं ती गोल फिरणाऱ्या चकतीवर ठेवली, बटण दाबलं, आणि बॅग सावकाश गिरक्या घेऊ लागली. हिरवं प्लॅस्टिक तिच्या अंगाभोवती चढत चाललं.

"आत नाजूक सामान आहे," बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या. "आणि कुलपांचा काय भरवसा? एक चांगलं महागाचं घेतलं होतं. दुकानदार शपथेवर सांगत होता की ताई, हत्ती आला तरी उघडणार नाही. माझ्या भाच्यानं केसांच्या पिनेनं उघडलं. हे कुलूपवाले म्हणजे शुद्ध लबाड."

मी मान डोलावली. खरं सांगतो, मला रागही आला नाही. हत्तीचं वाक्य मीच गिऱ्हाइकांना कैक वेळा ऐकवलं आहे.

"तुम्ही काय करता?" त्यांनी विचारलं.

आता इथं खरा माणूस छाती पुढे काढून म्हणाला असता की मी कुलूपवाला. पण कुलूपवाला, आणि प्लॅस्टिक गुंडाळायच्या रांगेत! हलवायानं दुसऱ्याच्या दुकानातून मिठाई नेताना पकडलं जावं तसं ते झालं असतं. माझी जीभ आपोआप वळली.

"बँकेत असतो."

"अरे वा. बँकेत काय?"

खोटं बोलायची सवय नसली की माणूस नको तितकं बोलतो. "तिजोरीकडचं काम असतं," मी म्हणालो. तेही अगदीच खोटं नव्हतं. एकदा एका बँकेची अडकलेली तिजोरी मी उघडून दिली होती.

"जोखमीचं काम," बाई म्हणाल्या.

"सवयीचा भाग आहे," मी म्हणालो, आणि वर नम्रपणे हसलो.

माझी बॅग चकतीवर चढली. स्टॉलवाल्याला मी खाली-वर, कोपऱ्यात, मुठीवर अशा सूचना देत राहिलो. तो "हो साहेब" म्हणत त्याला करायचं तेच करत राहिला. लाल रिबीन पहिल्याच फेऱ्यात आत गडप झाली. शेवटी बॅग खाली उतरली तेव्हा ती बॅग राहिलीच नव्हती. एक गुळगुळीत हिरवा गठ्ठा झाला होता. बाईंच्या गठ्ठ्याशेजारी तो उभा होता. मला तेव्हा फक्त एवढंच वाटलं की काय पक्कं काम झालंय.

उतरल्यावर सामानाच्या पट्ट्यावर बायकोची बॅग फूल मिरवत लांबूनच येताना दिसली. तिनं ती उचलली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. थोड्या वेळानं हिरवा गठ्ठा आला. मी झडप घातली.

"हीच ना?" बायको.

"म्हणजे काय!"

"नाव बघा वर."

नावाची चिठ्ठीही रिबिनीबरोबर प्लॅस्टिकच्या आत गेली होती, आणि वरचा विमान कंपनीचा कागद चुरगळून एवढा बारीक झाला होता की चष्म्याशिवाय वाचता येत नव्हता. चष्मा बॅगेत होता. मी बॅग उचलून बघितली. वजन बरोबर. "हीच," मी म्हणालो. "हाताला वजन कळतं. इतकी वर्षं पितळ उचलतोय."

लेक न्यायला आली होती. तिला बघितल्यावर बाकी सगळं डोक्यातून गेलं. गाडीत मी कुलपाचं काही बोललो नाही. तिच्या दारापाशी उभं राहून बॅग उघडायची, असं मनाशी ठरवलं होतं.

तिचं घर वरच्या मजल्यावर. लिफ्टमधून बाहेर आलो, दार समोरच होतं. फोटोत बघितलेलं, मापं पाठ झालेलं. पण फोटोत जिथं साधी कडी होती, तिथं काळ्या काचेची एक पट्टी चमकत होती. लेकीनं पट्टीवर बोट टेकवलं. दार एखाद्या पाळीव जनावरासारखं कुईं करून उघडलं.

मी बॅग खाली ठेवली.

"सगळ्याच घरांना लावली, बाबा," लेक शेवटी म्हणाली, माझ्याकडे न बघता. "गेल्या महिन्यात. सोसायटीनंच. मी सांगणार होते."

"चांगलं आहे की," मी म्हणालो. "किल्ली हरवायची भीती नाही."

"तुमचंही बोट घालून ठेवूया ना. म्हणजे तुम्ही फिरायला गेलात की..." तिनं उत्साहानं माझा हात धरून काचेवर ठेवला. पट्टी लाल झाली. दुसरं बोट. लाल. मग अंगठा, मग दुसरा हात. तिनं माझी बोटं रुमालानं पुसली, फुंकर मारली, पुन्हा ठेवली. मग ती बोटं उजेडात धरून बघू लागली. उभ्या आयुष्यात इतक्या किल्ल्या घासल्या, की किल्ल्यांबरोबर बोटांवरच्या रेषाही घासून गेल्या होत्या. यंत्राच्या मते मला बोटंच नव्हती.

"यांना घरात घ्यायचं नाही म्हणतंय," बायको म्हणाली. "शहाणं आहे यंत्र."

मी हसलो. हसलो खरा, पण मग आत जाऊन सोफ्यावर बसलो आणि बॅगेकडे पाठ केली. पितळी कुलूप बाहेर काढायची आता इच्छा नव्हती. काढून काय करणार? लेक "किती छान आहे, बाबा" म्हणाली असती आणि शोकेसमध्ये ठेवलं असतं. म्हणजे एका काचेच्या कपाटातून दुसऱ्या काचेच्या कपाटात.

पण बायकोनं धोशा लावला. आंघोळ करा, कपडे बदला, बॅग उघडा. लेकीनं स्वयंपाकघरातून सुरी आणली आणि प्लॅस्टिक कापायला बसली. ते कापता कापेना. दुःखातही मला बरं वाटलं. "बघ," मी म्हणालो, "काम कसलं पक्कं आहे!" आणि त्याच क्षणी सुरी घसरून तिच्या बोटाला लागली. बरंच रक्त आलं. बायकोनं पट्टी बांधता बांधता माझ्याकडे असं बघितलं, जणू सुरी मीच मारली होती. पुढचं कापायचं काम माझ्याकडे आलं. प्लॅस्टिक निघालं, चेन उघडली, मी झाकण वर केलं.

आत केस होते.

काळेभोर, दाट, लांब केस. माझ्या हाताला ते लागले. मी हात मागे घेतला तसे ते बाजूला सरकले आणि खालून एक कपाळ दिसलं. बायकोनं जी किंकाळी फोडली, ती खालच्या मजल्यावरही ऐकू गेली असणार. मी किंचाळलो नाही. बोबडीच वळली होती, किंचाळणार कुठून?

लेकीनं पुढे होऊन केस उचलले. "लाकडी आहे हो," ती म्हणाली. "मुंडकं लाकडी आहे. हा विग आहे, बाबा. ही तुमची बॅग नाहीये."

बॅगेत लाकडी मुंडकी ओळीनं झोपवली होती आणि प्रत्येकाच्या डोक्यावर एकेक विग. राजाचा कुरळा, म्हातारीचा पांढरा, एक भला मोठा लाल. बायको आता किंचाळायची थांबली होती. रिबिनीचं नावही तिनं काढलं नाही.

लेक विमान कंपनीला फोन लावून गॅलरीत गेली. तिकडून संगीत वाजत होतं आणि कोणी उचलत नव्हतं. मी विग जागच्या जागी ठेवू लागलो. त्या कुरळ्या काळ्या विगपाशी हात अडखळला. माझ्या डोक्यावर तिशीनंतर केस राहिलेले नाहीत. दिवस वाईट गेलेला, यंत्रानं घरात घ्यायला नकार दिलेला. मी तो विग उचलला आणि तोंड धुवायच्या निमित्तानं बाथरूममध्ये गेलो.

सांगायला लाज वाटते, पण मी चांगला दिसत होतो. मान जरा तिरपी केली, भुवया उंचावल्या. कोणत्याही बँकेनं तिजोरी सोपवावी असा माणूस आरशात उभा होता.

तेवढ्यात बेल वाजली. "अहो, दार बघा!" बायको स्वयंपाकघरातून ओरडली. मी सवयीनं गेलो आणि दार उघडलं.

दारात रांगेतल्या त्या बाई उभ्या होत्या. त्यांच्यामागे दारात मावणार नाही असा एक धिप्पाड माणूस, मिशा पिळलेल्या, माझी बॅग दोन्ही हातांनी छातीशी धरलेला. आणि शेजारी इमारतीचा वॉचमन, हातात दंडुका.

बाईंनी आधी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग माझ्या डोक्याकडे.

"हाच तो!" त्या किंचाळल्या. "बँकवाला! आणि वेश पण बदललाय!"

धिप्पाड माणसानं बॅग खाली ठेवली आणि माझा दंड पकडून मला बाहेर ओढलं. नंतर कळलं, तो नाटकात सेनापतीचं काम करतो. पण पकड नाटकातली नव्हती.

"घरातल्या लोकांचं काय केलंस?" सेनापती गरजला.

"ते... घरातले... मीच..." माझ्या तोंडून एवढंच निघालं.

"साहेब, मी यांना ताईंबरोबर वर जाताना बघितलंय," वॉचमन म्हणाला.

"बघितलं असणारच!" बाई म्हणाल्या. "अहो, पूर्ण तयारीनिशी आलाय हा. बॅग उघडली तर हातमोजे, टॉर्च, तारा, किल्ल्या! आणि हे बघा." त्यांनी पिशवीतून माझे छापील फोटो काढून वॉचमनच्या नाकासमोर धरले. "या घराचं दार! समोरून, बाजूनं, बिजागऱ्यांसकट! वर पत्ता. आणि वाचा काय लिहिलंय. 'इथं भोक पाडणे.' 'आतली कडी कच्ची.' 'दुपारी घरी कोणी नसते, वॉचमनला पटवावे लागेल.'"

वॉचमननं माझ्याकडे नव्या नजरेनं बघितलं. "मला पटवणार होतात?"

अक्षर माझंच होतं. लेक दुपारी ऑफिसला असते आणि ड्रिलचा आवाज होणार, तर वॉचमनला समजावून सांगायला हवं, एवढाच त्याचा अर्थ. पण मोठ्यानं वाचल्यावर ते माझं मलाच इतकं भयंकर वाटलं की बाईंच्या जागी मी असतो तर मीही मला पोलिसांत दिलं असतं.

"मी पोलिसांना फोन केला," बाई वॉचमनला सांगत होत्या, "ते म्हणाले येऊन तक्रार द्या. तेवढा वेळ कुठाय? संध्याकाळी प्रयोग आहे, माझे विग याच्याकडे! म्हटलं, पत्ता तर हातात आहे. विग मिळाले तर ठीक, नाही तर निदान त्या घरातली माणसं वाचतील."

आता सांगतो, त्या क्षणी एवढ्या भीतीतही मला त्या बाईंचं कौतुक वाटलं. परक्या घरासाठी कोण एवढी धाव घेतं?

गडबड ऐकून बायको धावत बाहेर आली. तिनं आधी माझ्या डोक्याकडे बघितलं. नवऱ्याला कोणीतरी धरलंय हे तिच्या बहुधा नंतर लक्षात आलं. "हे काय घातलंय?" ती म्हणाली.

मग लेक आली, कानाला फोन, बोटाला पट्टी.

"सोडा त्यांना! माझे बाबा आहेत ते."

"बाबा?" बाईंनी तिच्याकडे संशयानं बघितलं. "मग हे सामान?"

"कुलपांचं दुकान आहे आमचं. हत्यारं असणारच."

"खोटं! मला स्वतः म्हणाले, बँकेत आहे. तिजोरीकडचं काम."

सेनापतीची पकड सैल झाली. सगळे माझ्याकडे बघू लागले. त्यात लेकही होती.

"बँकेत?" ती हळूच म्हणाली. "का हो बाबा?"

चोर ठरलो तेव्हा नव्हतं झालं, तसं मला आता झालं. ही पोरगी शाळेत पहिल्या दिवशी बाईंना सांगून आली होती की माझे बाबा जगातलं कुठलंही दार उघडतात. कॉलेजात मैत्रिणींना दुकान दाखवायला आणायची. आणि मी एका अनोळखी बाईसमोर दुकान लपवलं होतं.

"ह्या म्हणाल्या, कुलूपवाले लबाड असतात," मी म्हणालो. "आणि मी प्लॅस्टिकच्या रांगेत उभा होतो. काय सांगणार? लाज वाटली."

विग माझ्या डोळ्यांवर घसरला होता. मी तो वर सारला. सेनापती खाली बघत मिशीत हसू दाबत होता. बाईंच्या चेहऱ्यावरचा राग उतरला आणि त्या जागी काय आणावं ते त्यांना सुचेना. "मी आपलं बोलून गेले," त्या म्हणाल्या. "सगळेच काही तसे नसतात."

"मी तसाच आहे," मी म्हणालो. "हत्तीचं वाक्य मीही वापरतो."

त्यावर बाई एकदम मोठ्यानं हसल्या. त्यांचं हसू बघून बायको हसली, वॉचमननं दंडुका काखेत मारला. लेक मात्र हसली नाही. ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली. "मीही तुमच्यापासून दाराचं लपवलंच की," ती म्हणाली. "तुम्ही फोनवर रोज मापं विचारायचात. तोंडच उघडेना माझं."

मी काही बोलणार, एवढ्यात गॅलरीतून वारा आला आणि आमच्या पाठीमागे दार धाडकन लागलं. काळी पट्टी कुईं करून गप्प झाली.

"माझे विग आत आहेत," बाई म्हणाल्या.

लेकीनं सवयीनं बोट पुढे केलं. बोटाला पट्टी होती. पट्टी सोडून बघितली, तर नेमकी चीर बोटाच्या पोटावरच. यंत्र लाल.

"दुसरं बोट?" सेनापती.

"एकच घालून ठेवलंय." ती दाराकडे बघत राहिली. मग खाली माझ्या उघड्या बॅगेकडे, तारांच्या जुडग्याकडे. "खाली एक भोक आहे, झाकणाखाली. अडचणीच्या वेळची किल्ली असते त्याची. ती आत आहे." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाबा, तुम्हीच बघा आता."

इतकी वर्षं धंद्यात आहे, पण असं गिऱ्हाईक मला पुन्हा मिळणार नाही. मी गुडघ्यांवर बसलो. बॅगेतून चष्मा काढला, तारा काढल्या. सेनापतीनं टॉर्च धरला. "चुटकीसरशी," मी म्हणालो.

चुटकी बरीच लांबली. झाकण निघालं, पण आतली रचना मी कधी बघितलेली नव्हती. एक तार वाकली, दुसरी मोडली. वॉचमननं बायकोला खुर्ची आणून दिली. शेजारच्या घरातून एक आजोबा डोकावले आणि चाललेला प्रकार आवडल्यामुळे तिथंच थांबले. गुडघे दुखू लागले, घामानं विग डोक्याला चिकटला. बाई अधूनमधून घड्याळ बघायच्या आणि मग, माझं मन राखायला, "सावकाश होऊ द्या" म्हणायच्या. मी मनातल्या मनात आतापर्यंत फसवलेल्या एकूण एक गिऱ्हाइकाची माफी मागितली. आणि मग कुठंतरी आत, तारेच्या टोकाला, ते बारीकसं हललं. रेषा नसलेल्या बोटांनाही ते कळतं. मी श्वास धरला, मनगट वळवलं, आणि दार उघडलं.

सेनापतीनं टाळ्या वाजवल्या. आजोबांनीही वाजवल्या. मी उठायला गेलो तर गुडघे उठेनात, म्हणून दोघांनी मला काखेत हात घालून उभं केलं. तरीही मी मान ताठ ठेवली होती. केस होते ना.

बाईंनी घाईघाईनं विग मोजून बघितले, माझ्या डोक्यावरचा काढून त्याचा घाम पुसला, आणि जाताना आम्हा तिघांना प्रयोगाचं आमंत्रण दिलं. आम्ही गेलोही. राजा चांगला होता, पण विग त्याला तितका शोभत नव्हता. हे मी मध्यंतरात बायकोला सांगितलं. तिनं पाण्याची बाटली माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "प्या."

पितळी कुलूप लेकीच्या आतल्या खोलीला बसवलं. वॉचमन मुद्दाम वर येऊन ड्रिल चालवायला लागला. त्याला पटवावं लागलं नाही. त्या खोलीत तिचं टेबल, जुनी मासिकं आणि इस्त्री असते, चोरण्यासारखं काही नाही. पण ती रोज ऑफिसला जाताना मोठ्या डौलात ते कुलूप लावते आणि किल्ली पर्समध्ये टाकते. परिणामी मी दिवसभर चुरगळलेल्या शर्टात फिरतो.

चार-आठ दिवसांनी आम्ही तिघं बाजारातून परत आलो. तिच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या. दारापाशी येऊन तिनं बोलता बोलता कोपरानं काळी काच जागी केली आणि एका बोटाच्या टोकानं तिच्यावर पटापट आकडे दाबले. दार उघडलं.

मी जागच्या जागी उभा राहिलो. "हे काय?"

"आकडे पण चालतात याला," ती म्हणाली. आणि मग तिच्या लक्षात आलं.

"त्या दिवशी चालत नव्हते?"

"त्या दिवशी..." तिचे कान लाल झाले. लहानपणापासून खोटं बोलताना तिचे कान लाल होतात. "त्या दिवशी आठवलेच नाहीत हो, बाबा. एवढी गडबड होती."

मी तोंड उघडलं. बायकोनं भाजीच्या पिशवीच्या आडून माझ्या दंडाला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं.

"होतं असं," मी म्हणालो. "गडबडीत माणूस स्वतःचं नावही विसरतो."

"हो ना," लेक म्हणाली, आणि माझ्या हातातली कोथिंबीर घेऊन आत गेली.